केपटाउन ते व्हिक्टोरिया धबधबा: वीस दिवस ट्रक आणि तंबू, ६३ वर्षांच्या आईला न्यावं का?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

माझी आई ३४ वर्षं सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवत होती. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली. 'थंड बेंग्वेला प्रवाहामुळे किनाऱ्यावर पाऊस पडत नाही, म्हणून नामिबचं वाळवंट' हे तिने फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. त्या किनाऱ्यावर एकदा उभं राहायचं, एवढीच तिची इच्छा आहे. तशी ती काही मागणारी बाई नाही, म्हणून हे मला करायचंच आहे.

दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, झिंबाब्वे असा मार्ग. मोठा ट्रक, वीसेक प्रवासी, तंबू आपला आपण लावायचा, कामं वाटून करायची. आई शाकाहारी आहे. रोज पाच किलोमीटर चालते, पण डावा गुडघा कुरकुरतो. प्रश्न असे:
तंबूतली झोप आणि शौचालय या वयात झेपेल का? जेवणाचं काय? जावं कधी? की लॉजवाली सहल घेऊ?

चहाबाज
वाचतोय. आईंना नमस्कार सांगा. आमच्या भूगोलाच्या सरांनी वर्गात नकाशा उलगडला की झोप उडायची, त्याची आठवण झाली.

रानवाट
आम्ही दोघं पंचावन्नच्या पुढे असताना हाच प्रवास केला. सविस्तर लिहितो.

आधी हे डोक्यात पक्कं करा की ती बस नसते. मालट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली गाडी असते, पायऱ्या उंच, खिडक्या मोठ्या. प्रत्येकाला सामानाला एक कप्पा मिळतो, त्यात टणक सुटकेस जात नाही, मऊ पिशवीच हवी. नामिबियातले रस्ते बहुतेक खडीचे, तासन् तास गाडी थरथरत असते. गुडघ्यापेक्षा मला कमरेची काळजी वाटते. मागच्या चाकाच्या पलीकडची बाकं सगळ्यात जास्त आदळतात. आईंना पुढच्या निम्म्यात बसवा आणि पहिल्याच दिवशी वाटाड्याला तसं सांगून ठेवा.

तंबू जाड कॅनव्हासचा, दोघांचा, घुमटासारखा. दोन दिवस धडपड होते, तिसऱ्या दिवसापासून दहा मिनिटांत उभा राहतो. खाली फोमची गादी असते. खरी अडचण झोपेची नाही, पहाटे वाकून बाहेर येण्याची आहे. गुडघा दुखत असेल तर तंबूच्या दाराशी ठेवायला एक घडीचं स्टूल घ्या. आमच्या गटातल्या एका आजी रोज त्याला धरून उठायच्या.

बहुतेक मुक्कामांना पक्की न्हाणीघरं आहेत, गरम पाणी आहे. अपवाद दोन. नामिबियातल्या स्पिट्झकोपेच्या खडकाळ डोंगरापाशी अगदी साधी सोय. आणि बोत्स्वानात ओकावांगो नदीच्या पाणथळ प्रदेशातल्या बेटावर मुक्काम असेल तर खड्डा आणि फावडं. फावडं आणि कागद एका झाडाला टेकवून ठेवलेले असतात. ते जागेवर नसले की समजायचं, कोणीतरी गेलंय, आपण थांबायचं. दोन दिवसांत त्याचं काही वाटेनासं होतं.

शेवंती
रानवाट यांनी जे लिहायचं टाळलं ते मी लिहिते. बायकांनी हे एकमेकींना सांगायलाच हवं.

बेटावर आणि बोत्स्वानातल्या चोबे अभयारण्याजवळच्या काही तळांना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूबाहेर जायचं नाही, हा नियम हत्ती आणि पाणघोड्यांमुळे आहे आणि तो काटेकोर पाळायचा असतो. साठीच्या बाईला रात्री दोनदा उठावं लागतं, हे काही लपवण्यासारखं नाही. घट्ट झाकणाचा रुंद तोंडाचा प्लॅस्टिकचा डबा आणि पॅकिंगच्या पिशव्या न्या. माझ्या सासूबाईंनी नेला होता. त्या निवांत झोपल्या. गटातल्या तिशीच्या दोन मुली मात्र पहाटेपर्यंत कळ काढून जाग्या होत्या.

बेफाम
मला नाही पटत. वीस दिवसांत पाच हजारांहून जास्त किलोमीटर, म्हणजे निम्मी सहल खिडकीतून. आईंना बेंग्वेलाचा किनारा बघायचाय ना? मग नुसता नामिबिया करा. राजधानी विंडहुकला गाडी घ्या, दहा दिवस, लॉजमध्ये राहा. आई दमली तर एक दिवस थांबता येतं. ट्रक तुमच्यासाठी थांबणार नाही.

रानवाट
बेफाम, एका दिवसाची सूट मिळते हे खरं. पण दोघीच असताना खडीच्या रस्त्यावर गाडी चालवणं, टायर फुटला की बदलणं, पुढच्या गावापर्यंत इंधन पुरवणं, हे सगळं कृष्णाकाठ यांच्या एकटीच्या अंगावर येईल. त्या रस्त्यांवर परदेशी प्रवाशांच्या गाड्या उलटतात त्या वेगामुळे. आई शेजारी बसलेली असताना तो ताण कशाला?

आणि खिडकीतून दिसतं तेही बघण्यासारखंच असतं. नामिबियात मी तासभर एकही माणूस न दिसणारा रस्ता पाहिला. मध्येच खांबावर सुगरणीच्या भाऊबंदांनी बांधलेलं गवताचं भलंमोठं सामायिक घरटं, गवताची गंजी उचलून ठेवल्यासारखं. त्यात पिढ्यान् पिढ्या पक्षी राहतात.

डॉक_नाशिक
मी डॉक्टर आहे. इथे सांगतो ते सर्वसाधारण आहे, आईंना तपासल्याशिवाय शेवटचा शब्द नाही.

पिवळ्या तापाची लस: तुमचे चारही देश या तापाचा धोका असलेल्या देशांच्या यादीतले नाहीत. मात्र विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे घेतलंत आणि तिथे बारा तासांहून जास्त थांबा पडला, तर दक्षिण आफ्रिकेत उतरताना लसीचं प्रमाणपत्र मागतात. ही लस साठीनंतर पहिल्यांदा घेणं थोडं जोखमीचं असतं. त्यामुळे आखातातून जाणारं विमान घ्या, प्रश्नच मिटला. तिकीट थोडं महाग पडलं तरी चालेल.

मलेरिया: केपटाउन आणि नामिबचा भाग सुरक्षित. नामिबियातल्या एतोशा अभयारण्यापासून उत्तरेकडे, ओकावांगो आणि व्हिक्टोरिया धबधबा या पट्ट्यात धोका आहे. तो पावसाळ्यात, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जास्त, हिवाळ्यात कमी. गोळ्या कोणत्या हे रक्तदाब, मूत्रपिंड, चालू औषधं बघून ठरवावं लागतं. निघण्याआधी सहा आठवडे भेटा.

विमा मात्र असा घ्या की ज्यात रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च आहे. नामिबमधल्या सेसरिअमच्या तळावर पाय मुरगळला तर मोठं रुग्णालय कित्येक तासांवर आहे. आणि बऱ्याच कंपन्या साठीनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, ते आधीच विचारा.

गाबोरोनेकर
नोकरीनिमित्त अकरा वर्षं बोत्स्वानात आहे. जेवणाबद्दल सांगतो, कारण सगळे तुम्हाला 'मॅगी न्या' म्हणतील.

आईंना म्हणावं, इकडे ज्वारी आहे! इथलं रोजचं जेवण म्हणजे बोगोबे, ज्वारीच्या पिठाचा घट्ट शिजवलेला लापशीसारखा प्रकार. ते पीठ आंबवून करतात त्याला टिंग म्हणतात. पहिल्यांदा तोंडात घातलं तेव्हा मला आजीच्या हातची आंबील आठवली आणि घास घेऊन तसाच बसून राहिलो. सोबत मोरोगो, म्हणजे रानातली पालेभाजी. दक्षिण आफ्रिकेत मक्याच्या पिठाची तशीच लापशी असते, तिला 'पाप' म्हणतात, आणि त्यावर चकालाका, कांदा-टोमॅटो-मिरची-घेवड्याचं झणझणीत कालवण. आपल्या उसळीच्या जवळचं.

ट्रकचा स्वयंपाकी गटापुरतं करतो, त्यात मांस बरंच असतं. पण शाकाहारी आहे हे बुकिंगच्या वेळीच लिहून दिलं तर वेगळं काढतो. लाल भोपळ्यासारखं बटरनट तुमच्या पानात रोज येईल, एवढी तयारी ठेवा.

अवांतर: इथल्या चलनाचं नाव पुला. इथल्या सेत्स्वाना भाषेत पुला म्हणजे पाऊस. सभा संपली की लोक हात वर करून 'पुला!' म्हणतात. कोरड्या मुलखात पावसाहून मोठं धन कोणतं?

चहाबाज
म्हणजे आपण इथे 'पुलेशु' (पुढील लेखनाला शुभेच्छा) लिहितो ते गाबोरोनेकरांना पावसाच्या शुभेच्छा! आजपासून मी त्याच अर्थाने लिहिणार.

स्वयंपाकघर
मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि पोह्यांचा कोरडा चिवडा. तूप, दुधाचे पदार्थ आणि पेरता येईल असं बियाणं टाळा, आणि खाण्याचं जे असेल ते विमानतळावर उघड सांगा. गरम भात नि मेतकूट असलं की आई वाळवंटातही घरी असेल.

गाबोरोनेकर
बरोबर. त्यात एक भर: देशांतर्गतही जनावरांच्या रोगासाठी कुंपणं आहेत. लाळ्या-खुरकुत गोठ्यांत पसरू नये म्हणून नामिबिया आणि बोत्स्वानात नाक्यांवर गाडी थांबवून कच्चं मांस काढून घेतात. काही ठिकाणी उतरून औषधात भिजवलेल्या गोणपाटावर बूट टेकवून चालावं लागतं. राखीव जोडही मागतात. कोणी चिडू नये, गोमांसाची निर्यात त्यावर टिकून आहे.

मेळघाटी
एतोशाबद्दल कोणीच का लिहीत नाही? त्या सहलीत मला जे मिळालं ते मुख्यतः तिथे.

बुद्धपौर्णिमेला मी पाच वर्षं मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना केलीय. रात्रभर डास, आणि एक अस्वल दिसलं तर वर्षभर सांगायचं. एतोशातल्या ओकाउकुएओला तळाच्या कडेलाच पाणवठा आहे, बुटकी दगडी भिंत, बाकं, आणि मंद पिवळा उजेड. तंबूपासून चालत दोन-तीन मिनिटं. रात्री साडेदहाला मी बसलो. आधी दोन काळे गेंडे आले, आई आणि पिल्लू. मग कळलंच नाही इतक्या हलक्या पावलांनी सात हत्ती आले, एतोशाच्या चुनखडीने पांढरे झालेले. गेंड्याच्या पिल्लाने फुस्स केलं, हत्तीण थांबली, आणि पाण्यात सगळ्यांची उलटी प्रतिबिंबं. बाकावर पन्नासेक माणसं होती. कोणी खोकलंसुद्धा नाही.

आईंना गाडीतून फार हिंडवू नका. पाणवठ्याशी बसवा, शाल द्या, थर्मास द्या. ज्याने फळ्यावर शिकवलंय त्याला बघत बसणं जमतं.

एकच: तंबूबाहेर बूट ठेवू नका. कोल्हे पळवतात. आमच्या गटातला एक जण उरलेले बारा दिवस चपलेवर फिरला.

बेफाम
बूट पळवणारा कोल्हा! बरं, पाणवठ्याच्या वर्णनाने माझं मत अर्धं बदललं. अर्धंच.

आकाशवेडा
जाताना तिथी बघा, अमावस्येच्या आसपास नामिबमध्ये असाल असं जमवा. मे महिन्यात आपल्याकडून दक्षिणेला क्षितिजालगत दिसणारा त्रिशंकू तिथे डोक्याच्या दिशेने चढलेला असतो. जुलैत वृश्चिक थेट माथ्यावर. आकाशगंगा इतकी दाट की नुसतं बघत राहावं. आणि चंद्र उलटा, ससा डोक्यावर उभा. हे आईंना आधी सांगू नका, स्वतः ओळखू द्या.

कृष्णाकाठ
आकाशवेडा, उशीर झाला, तिने धागा वाचला. म्हणाली, "दक्षिण गोलार्धात चंद्र उलटाच दिसणार, त्यात काय." पण नंतर बराच वेळ गॅलरीत उभी होती.

कधी जावं यावर अजून मतं हवीत.

रानवाट
जुलै. ओकावांगोत पाणी तेव्हा असतं. आईंना यातली गंमत कळेल: पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरात, जानेवारी-फेब्रुवारीत. तो सपाट मुलखातून इतका हळू येतो की बोत्स्वानात पूर पोचतो ऐन कोरड्या हिवाळ्यात. नदी समुद्राला मिळतच नाही, कलहारीच्या वाळूत पसरून संपते. २०१४ मध्ये तिचा हा पाणथळ प्रदेश जागतिक वारशाच्या यादीतली हजारावी जागा झाला. मोकोरोत, म्हणजे त्या निमुळत्या होडीत, पाण्याच्या पातळीवर बसून लव्हाळ्यातून जाताना कानाशी फक्त लांब काठी पाण्यात शिरल्याचा आवाज.

शेवंती
आणि जुलैतली थंडी कोण सांगणार? नामिबमध्ये पहाटे शून्याच्या आसपास. आम्हाला भाड्याने दिलेल्या झोपायच्या पिशव्या पातळ निघाल्या. मी सगळे कपडे अंगावर चढवून दात वाजवत बसले होते. साठीच्या माणसाला सप्टेंबर बरा: रात्री सुसह्य, झाडं उघडी, जनावरं पाणवठ्यावर गोळा. धबधब्याला पाणी कमी असतं, पण झिंबाब्वेच्या बाजूने मुख्य धार वाहतच असते.

गाबोरोनेकर
सप्टेंबर उतरताना ओकावांगोजवळच्या माउन गावात तापमान ३५ अंशांपुढे जातं, तंबू दुपारी भट्टी होतो. माझं मत जुलैच. शून्याखाली चालेल अशी पिशवी घरून न्या, आणि रबरी गरम पाण्याची पिशवी. रात्री स्वयंपाकी किटली भरून देतो.

खारदांडा
जरा वेगळं लिहितो. बोत्स्वानातल्या घान्झीला बऱ्याच सहलींमध्ये सान या तिथल्या आदिवासी लोकांबरोबर 'चालण्याचा' कार्यक्रम असतो. कातडी नेसून ते मुळं खणून दाखवतात, नाच करतात, आणि संध्याकाळी शर्ट-पँट घालून घरी जातात. मला ते फार लागलं. आपण माणसं बघायला जातो की प्रदर्शन?

गाबोरोनेकर
तुमची अस्वस्थता समजते. पण माझ्या ओळखीचे काही जण हे काम आपणहून करतात. आजोबांकडून शिकलेली वनस्पतींची नावं त्यांच्या मुलांना याच निमित्ताने कळतात, आणि पैसे घरी येतात. विचारावं एवढंच: पैसे कोणाला मिळतात? फोटोआधी परवानगी घेतात का? याच लोकांना मध्य कलहारी अभयारण्यातून हलवलं होतं आणि २००६ मध्ये इथल्या उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. हे माहीत असलेला पाहुणा वेगळे प्रश्न विचारतो.

कृष्णाकाठ
आई यावर गप्प झाली. म्हणाली, "पुस्तकात 'बुशमन' होतं, मीही तसंच शिकवलं. ते स्वतःला काय म्हणवतात हे कधी विचारलंच नाही." ती जाणार आहे. पण कॅमेरा गाडीत ठेवून.

मेळघाटी
मग नामिबियाच्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंडलाही एक तास वेगळा काढा. सगळे तिथे जर्मन इमारती बघतात. गावाच्या कडेला वाळूचे शेकडो छोटे उंचवटे आहेत, नाव नसलेले. १९०४ ते १९०८ मध्ये जर्मन छावण्यांत मेलेल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या त्या कबरी. जर्मनीने २०२१ मध्ये त्याला वंशसंहार म्हटलं. आम्ही चप्पल काढून उभे राहिलो. कोणी सांगितलं नव्हतं.

चहाबाज
एक बारीक प्रश्न. कामं वाटून म्हणजे आईंना भांडी घासावी लागतील?

शेवंती
हो, पाळीने, आणि ते छान असतं. ट्रकवर पुसायला फडकं नसतं, ओल्या फडक्यातून पोट बिघडतं म्हणून. धुतलेली ताटं दोन्ही हातांत धरून सगळे गोल उभे राहून हवेत हलवतात, वाळेपर्यंत. वाळवंटात सूर्य मावळतोय आणि वीस माणसं पंख फडफडवल्यासारखी ताटं हलवतायत. सासूबाईंची तिथेच एका कोरियन आजींशी मैत्री झाली. भाषा एकमेकींची येत नव्हती, पण अजून संक्रांतीला फोटो पाठवतात.

डॉक_नाशिक
ड्यून ४५ या वाळूच्या टेकडीचा विषय राहिला. सेसरिअमपासून ४५ किलोमीटरवर म्हणून ते नाव. गुडघा दुखत असेल तर टेकडी पूर्ण चढायचा हट्ट नको. चढायचंच तर पुढच्याच्या पावलांच्या ठशात पाय ठेवत कड्यावरून जावं, वाळू कमी खचते. अर्ध्यावर बसूनही सूर्योदय तोच दिसतो.

रानवाट
आणि तिथून पुढे डेडव्ले. शेवटच्या पाच किलोमीटर वाळूत छोटी गाडी नेते, मग किलोमीटरभर चालणं. पांढऱ्या मातीच्या सपाटीवर सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली काळी झाडं. हवा इतकी कोरडी की ती कुजलीच नाहीत. आणि याच वाळवंटात, किनाऱ्याकडच्या भागात, धुक्याच्या पहाटे वाळूवर काळे भुंगे डोकं खाली, पाठ वर करून उभे राहतात. बेंग्वेलावरून आलेलं धुकं पाठीवर जमतं, थेंब ओघळून तोंडात येतो. आईंनी फळ्यावर लिहिलेलं वाक्य तिथे एक किडा पितो.

बेफाम
रानवाट, हे आधी लिहायचं ना! घ्या, उरलेलं अर्धंही बदललं. कृष्णाकाठ, ट्रकच घ्या.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं. जुलै, ट्रक, आखातातलं विमान. पारपत्राला पुरेशी कोरी पानं आहेत का हेही तपासलं, सीमांवर शिक्के पडतात म्हणून.

गेल्या रविवारी मामेभावाचा तंबू आणून गच्चीवर लावला. आई चार वेळा आत-बाहेर करून बघत होती. स्टुलाची युक्ती जमली. रात्री मी खाली आले, ती तिथेच झोपली. सकाळी वर गेले तर तंबूची घडी घालून, पिशवीत भरून, चटईवर चहा पीत बसली होती.

खालचं तिनेच टाइप केलंय:

"सर्वांना नमस्कार. माझ्यासाठी एवढं लिहिलंत, फार बरं वाटलं. शेवंतीताईंचा डब्याचा सल्ला मी सगळ्यात आधी वहीत उतरवला. कार्डशीटवर मार्ग काढला आहे, मुक्काम लाल शाईने. एक शंका आहे. मकरवृत्त हा मार्ग नामिबियात ओलांडतो. तिथे पाटी आहे का? आणि ट्रक थांबतो का? मुलांना ते ठिपक्या-ठिपक्यांच्या रेषेने दाखवायचे, म्हणून विचारते."

रानवाट
आहे, काकू. सॉलिटेअरहून वॉल्व्हिस बेकडे जाताना, खडीच्या रस्त्यालगत एकटीच उभी आहे. ट्रक थांबतो, सगळे उतरतात. वारा जोराचा असतो, डोक्याला स्कार्फ बांधा.